गोष्टीतली गरिबी, गोष्टीतला भेदभाव आणि आपली मुलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात रविवारी सकाळी आम्ही काही जण पाचवी ते दहावीच्या मुलांबरोबर कथा वाचतो. एक कथा, तास-दीड तास गप्पा, मग चहा-बिस्किटं. बऱ्याच कथा पैशाच्या आणि जन्माने चिकटलेल्या विषमतेच्या असतात. मुलांना घ्यायला आलेले आईबाबा गाडी स्टँडवर लावायच्या आत प्रश्न विचारतात, शाळांतल्या बाईंचे आणि सरांचे फोन येतात. प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

मूल अजून लहान आहे. गरिबी, जात, काळं-गोरं हे आत्तापासून त्याच्या डोक्यात कशाला?

ते डोक्यात आधीच असतं. वर्गात ‘आरटीई’तून कोण आलंय हे पाचवीतल्या पोराला पहिल्या महिन्यात कळतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत पहिल्या पायरीचे २५ टक्के प्रवेश वंचित आणि दुर्बल गटांतल्या मुलांसाठी ठेवले. कायद्यात तो हक्क आहे, मधल्या सुट्टीत त्याची शिवी होते. कुणाच्या डब्यातलं घ्यायचं आणि कुणाच्या घरी ‘पाणी नको, आत्ताच प्यालो’ म्हणायचं, हेही कुणी न शिकवता येतं.

अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ नवरा-बायकोंनी १९४० च्या दशकात तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. चांगली कोणती, असं विचारल्यावर बहुतेकांनी गोरी दाखवली. मग तुझ्यासारखी कोणती, असं विचारल्यावर काही मुलं रडवेली झाली. काळ्या-गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या कामाचा दाखला दिला. तीन ते सात वर्षं म्हणजे आपल्याकडे बालवाडी ते दुसरी.

आपण गप्प बसलो तर मूल आपल्या मनाने हिशेब लावतं, आणि तो बहुतेकदा असा असतो: ते लोक तसेच आहेत, म्हणून त्यांचं तसं आहे.

मग सरळ माहिती द्या ना. कथाच कशाला?

समानतेचा धडा नागरिकशास्त्रात आहे. मुलं तो पाठ करतात, पाच मार्कांना लिहितात आणि विसरतात. लघुकथेत एक दिवस असतो, एक-दोन माणसं असतात आणि बहुतेकदा एक वस्तू असते. मुलं वस्तूला धरून बोलतात. ‘विषमता म्हणजे काय’ विचारलं तर सगळे छताकडे बघतात, ‘गोष्टीतल्या त्या होडीची किंमत किती होती’ विचारलं तर एकाच वेळी सगळे बोलतात.

सुरुवात कोणत्या कथेने करावी?

प्रेमचंदांची ‘ईदगाह’, १९३३ ची. आजीने दिलेले तीन पैसे घेऊन हामिद ईदच्या जत्रेला जातो. बाकीची पोरं पाळण्यात बसतात, मिठाई खातात, मातीचा शिपाई, भिश्ती, वकील विकत घेतात. हा लोखंडी चिमटा आणतो, कारण पोळ्या भाजताना आजीचे हात भाजतात.

सोलापूरच्या मुलांना जत्रा समजावून सांगावी लागत नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरली की होम मैदानावर गड्डा लागतो आणि तिथल्या पाळण्यांचे दर शहरातल्या प्रत्येक पोराला तोंडपाठ असतात. आम्ही विचारतो, गड्ड्यावर सर्वांत स्वस्त काय मिळतं? घरून किती पैसे मिळतात, हे मात्र कधीच विचारत नाही. फरक बारीक आहे, पण दुसऱ्या प्रश्नाने वर्गातली दोन-तीन मुलं तिथेच मान खाली घालतात आणि मग त्या दिवशी बोलत नाहीत.

एक सावधगिरी. मोठ्यांना हामिद फार आवडतो. ‘बघा किती समजूतदार पोरगा, नाहीतर तुम्ही!’ असं म्हणून पालक कथा संपवतात. हे मला खटकतं. गरिबाच्या पोराने शहाणंच असलं पाहिजे, त्याने हट्ट करायचा नाही, त्याने आजीचीच काळजी करायची, ही मागणी आपण किती सहज करतो! सहावीतला एक जण म्हणाला होता, “त्याला पण पाळण्यात बसायचं होतं की.” बोलणं इथून पुढे न्यावं.

तुम्ही अमेरिकेतली एक ‘दुकानाची गोष्ट’ वाचता म्हणे. ती कोणती?

टोनी केड बंबारा या आफ्रिकन-अमेरिकन लेखिकेची ‘द लेसन’. तिच्या १९७२ च्या संग्रहात आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या पोरांना मिस मूर नावाच्या शिकलेल्या बाई टॅक्सीत घालून फिफ्थ अव्हेन्यूवरच्या एका बड्या खेळण्यांच्या दुकानात नेतात. तिथे भाषण देत नाहीत. काचेमागच्या किमती वाचू देतात. गोष्ट सांगते सिल्व्हिया नावाची तोंडाळ पोरगी, जिला ही बाई मुळीच आवडत नाही.

काचेमागे एक शिडाची होडी असते. ११९५ डॉलर. मुलं चक्रावतात, कारण त्यांच्या गल्लीतल्या दुकानात होडीचा संच २५ सेंटला, गोंदाची ट्यूब १० ला आणि दोऱ्याचा गुंडा ८ सेंटला मिळतो.

इथे कुणीतरी हमखास विचारतं, म्हणजे किती रुपये? आम्ही सांगत नाही. १९७२ चा डॉलर आणि आजचा रुपया यांची खिचडी करून हाती काहीच लागत नाही, नुसता मोठा आकडा लागतो. त्यापेक्षा गोष्टीतल्याच मापाने मोजायचं. टॅक्सीचं भाडं ८५ सेंट झालं. मग एका होडीत टॅक्सीच्या किती फेऱ्या? मुलं वहीच्या मागच्या पानावर भागाकार करतात आणि चौदाशेच्या वर उत्तर आलं की आपलंच चुकलं समजून पुन्हा करतात. सिल्व्हियाही हेच करते. कोलांट्या मारणाऱ्या विदूषकाची किंमत ३५ डॉलर, आणि ती मनात मांडते की एवढ्यात पोरांना दुमजली पलंग येईल, सगळ्या घराला गावी आजोबांकडे जाऊन येता येईल, खोलीचं भाडं भागेल.

हे झालं की मुलं आपापली मापं काढतात. कुणी एसटीचं तिकीट घेतं, कुणी वडापावची प्लेट. एका मुलीने विड्या घेतल्या. आईला मजुरी हजार विड्यांवर मिळते. मांडीवर सूप, कात्रीने कापलेलं तेंदूचं पान, त्यात तंबाखू, वळायची, दोऱ्याने बांधायची, अशा हजार. वर तपासणीत बाद झालेल्या विड्यांचं काही मिळत नाही, तेही तिने हिशेबातून वजा केलं. आकडा तिने मोठ्याने सांगितला नाही. आम्हीही मागितला नाही.

पण सर्वांत लांब चर्चा किमतीवर होत नाही, दारावर होते. दुकानाच्या दाराशी आल्यावर सिल्व्हियाचे पाय अडतात. तिला आत जायची लाज वाटते, आणि लगेच तीच स्वतःला विचारते की मला कशाची लाज? आमच्याकडचा एक जण तावातावाने म्हणाला, “ती काय चोरी करूलालीय व्हय, लाजायला?” शेजारचा शांतपणे म्हणाला, “मग परवा शोरूमला तू बाहेर का थांबलतास बे?” त्यानंतर काचेचं दार, आतला एसी, वॉचमनची नजर, चपला काढायच्या का नाही, विक्रेता आपल्यालाच ‘काय पाहिजे?’ असं का विचारतो आणि दुसऱ्याला ‘या सर’ का म्हणतो, असं बरंच निघालं. आम्ही मध्ये पडलो नाही.

आणखी एक जागा दाखवण्यासारखी आहे. उकाड्याचे दिवस असतात आणि रस्त्यावर एक बाई फरचा कोट घालून चाललेली दिसते. पोरगी मनात म्हणते, गोरे लोक येडे आहेत. रंगाचा उल्लेख चालता चालता केलेला. पैसा आणि कातडीचा रंग त्या शहरात एकाच माणसाच्या अंगावर कसे येतात हे मुलांना या एका वाक्यावरून दिसतं. मग ती विचारतात की हार्लेममधल्या लोकांनी फिफ्थ अव्हेन्यूवरच घरं का नाही घेतली?

हो ना, पण काळे-गोरे हा प्रकार सोलापूरच्या मुलांना कळतो कसा?

वरच्या त्या प्रश्नाचं उत्तर दिलं की कळतो. अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने १८६५ मध्ये संपली. त्यानंतरही दक्षिणेकडच्या राज्यांत शाळा, बस, नळ, सगळं वेगळं ठेवणारे कायदे होते. तिथून लाखो कृष्णवर्णीय माणसं उत्तरेच्या शहरांकडे आली. कामं मिळाली, पण गोऱ्यांच्या वस्तीत घरं मिळेनात. मालक भाड्याने देईनात, बँका कर्ज देईनात. मग एकाच वस्तीत सगळे दाटीवाटीने राहिले. हे सांगत असताना पाठीमागून आवाज येतो, “आमच्या मामाला पण आडनाव विचारून खोली नाही दिली.” झालं, पुढचं आपल्याला समजावायची गरज उरत नाही.

आणि हा दुवा आम्ही शोधून काढलेला नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या निग्रोंच्या निवेदनाची प्रत मागितली होती. १९७२ मध्ये मुंबईत तरुण लेखक-कवींनी दलित पँथर स्थापन केली, ते नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतलेलं. सिल्व्हियाची गोष्ट त्याच वर्षीच्या संग्रहातली, हे दहावीच्या मुलांना सांगितलं की त्यांना गंमत वाटते.

रंगाचं म्हणाल तर आपल्याकडे तो काही परका विषय नाही. ‘काळी आहे पण तरतरीत आहे’ या वाक्यातला ‘पण’ मुलींना सातवीत येईपर्यंत पुष्कळदा ऐकून झालेला असतो.

म्हणजे जात आणि वर्णभेद एकच ना?

नाही. जात बघून दिसत नाही, म्हणून विचारली जाते. आडनाव, गाव, गल्ली, देव विचारून काढली जाते. रंग लपवता येत नाही. दोन्हींत जन्मावरून जागा ठरते आणि ती जागा कष्टाने सहसा बदलत नाही. एवढं सांगितलं की सहावी-सातवीला पुरतं.

सोलापुरातलंच उदाहरण द्यायचं तर?

सेटलमेंट. रिक्षावाल्याला ‘सेटलमेंटला सोडा’ असं आपण रोज म्हणतो, पण हे नाव आलं कुठून हे बऱ्याच मोठ्यांनाही ठाऊक नसतं. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यात कुणी काय गुन्हा केला हे बघायचं नव्हतं, अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. पुढे त्यांना तारेच्या कुंपणात वसवलं. सोलापुरात अशी मोठी वसाहत होती. ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. इथल्या लोकांनी शहरातल्या कापडगिरण्यांत काम केलं, आणि संध्याकाळी पुन्हा कुंपणाआड. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात.

जन्मलेलं तान्हं मूल गुन्हेगार कसं, हा प्रश्न पाचवीतल्या मुलालाही पडतो. वर्णभेदाचं मूळ त्याला याहून सोप्या शब्दांत सांगता येणार नाही.

मात्र गटात त्या वस्तीतली मुलं आहेत की नाहीत हे आधी बघा, आणि पुढचं उत्तर वाचून मगच बोला.

वर्गात त्याच परिस्थितीतलं मूल बसलेलं असतं. त्याला लाज वाटणार नाही का?

आपण त्याच्याकडे बघितलं तर वाटेल. शिक्षक ‘गरीब’ शब्द उच्चारतात आणि नजर आपोआप तिसऱ्या बाकावर जाते, मग सगळा वर्ग तिकडे वळतो. त्यामुळे काही नियम आम्ही ठरवून ठेवले आहेत. कुणाही मुलाला ‘तुझ्या घरी कसं असतं सांग बरं’ असं म्हणायचं नाही. मोलकरणीच्या मुलीचं पात्र वाचायला मोलकरणीच्या मुलीला द्यायचं नाही. कुणी स्वतःहून सांगितलं तर ऐकून घ्यायचं, ‘अरेरे’ म्हणायचं नाही, टाळ्याही वाजवायच्या नाहीत.

दूरदेशीची कथा इथे फार उपयोगी पडते. हार्लेमबद्दल बोलताना मूल स्वतःबद्दल बोलू शकतं आणि कुणाला कळूही देत नाही. त्याला हवं तितकंच ते पुढे येतं. पूर्व भागातली मुलं, ज्यांच्या घरी माग आहे किंवा आई विड्या करते, ती या गोष्टीतला हिशेब सर्वांत आधी आणि बिनचूक करतात. त्या दिवशी वर्गातली हुशार मुलं बदलतात. ते बघायला मजा येते.

आमच्या मुलाला गोष्ट वाचून गरिबांची दया आली. वाढदिवसाला वस्तीत चॉकलेटं वाटायची म्हणतोय. हे चांगलंच ना?

चॉकलेटं वाटू द्या, त्यात वाईट काही नाही. फक्त पुढच्या रविवारी त्याला कॅथरिन मॅन्सफील्डची ‘द डॉल्स हाउस’ वाचायला द्या. न्यूझीलंडची कथा, १९२२ ची. जवळपास दुसरी शाळाच नाही, म्हणून न्यायाधीशांच्या, डॉक्टरांच्या आणि दूधवाल्याच्या मुली एकाच शाळेत येतात. त्यात केल्व्ही बहिणी, लिल आणि एल्स. आई घरोघरी कपडे धुते, वडील तुरुंगात असल्याची कुजबुज. त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही असा अलिखित नियम. आता लिलचा झगा बघा: अंग एका घरच्या टेबलावरच्या हिरव्या कापडाचं, बाह्या दुसऱ्या घरच्या पडद्याच्या लाल मखमलीच्या. ज्यांच्या घरचं ते कापड, त्यांच्याच मुली वर्गात शेजारी.

दान दिलेलं आहे. सढळ हाताने दिलेलं आहे. आणि रोज सकाळी वर्गात आल्याबरोबर कोण कुणाच्या पडद्याच्या बाह्या घालून आलंय हे सगळ्यांना दिसतं. दिवाळीत आपण जुने कपडे देतो, ते आपल्याच कॉलनीतल्या मुलीच्या अंगावर दिसले तर आपली मुलगी काय म्हणते, हे आठवून बघा. ‘आई, तो माझा फ्रॉक!’ भर रस्त्यात, मोठ्याने.

या कथेत बर्नेल घरच्या मुलींना मिळालेलं बाहुलीचं घर आहे आणि त्यात एक इवलासा दिवा. त्या मुलींतली छोटी केझाया घरच्यांची मनाई मोडून त्या दोघींना तो दाखवते. मावशी येऊन कोंबड्यांना हाकलावं तसं त्यांना हाकलून देते. केझायाने चॉकलेट दिलेलं नाही, फाटक उघडलं आहे. आठवीच्या मुलांना हा फरक सांगावा लागत नाही. मोठ्यांशी मात्र वाद घालावा लागतो.

मुलीने घरी विचारलं, कामवाल्या मावशींचा कप वेगळा का? आता काय सांगू?

कप बदला.

शेवट इतका वाईट असलेल्या कथा का निवडता? मुलं उदास होतात.

‘ठाकुर का कुआँ’बद्दल ही तक्रार जास्त येते. प्रेमचंदांची १९३२ ची कथा, चार-पाच पानांची. आजारी जोखूला तहान लागली आहे, घरातल्या पाण्याला घाण वास येतोय. बायको गंगी रात्री ठाकुराच्या विहिरीवर चोरून पाणी आणायला जाते. घागर वर येत असताना ठाकुराचं दार उघडतं, ती दोर टाकून पळते. घरी येऊन बघते तर जोखू तेच घाण पाणी पितोय. संपली.

मुलं चिडतात. ‘ती परत का नाही गेली?’, ‘दुसऱ्या दिवशी काय झालं?’, ‘तो मेला का?’ हा राग राहू द्या. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर हजारो माणसं पाणी प्यायला गेली, हे त्याच तासाला सांगता येतं, आणि मग तो इतिहासातला सनावळीचा प्रश्न राहत नाही. कृपा करून आनंदी शेवट जोडून सांगू नका. काही शिक्षक ‘आता असं काही राहिलेलं नाही बरं का’ म्हणून कथा बंद करतात. वर्गात एखादं तरी मूल असतं ज्याला ते खोटं आहे हे माहीत असतं, आणि ते त्या दिवसापासून तुमचं काही खरं मानत नाही.

मग तात्पर्य काय सांगायचं?

काहीच नाही. ‘या गोष्टीवरून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न आला की मुलांना कळतं, आता खरं बोलायचं नाही, बाईंना आवडेल ते बोलायचं. ‘गरिबांना मदत करावी’, ‘भेदभाव करू नये’, दोन वाक्यं, घंटा.

आम्ही विचारतो ते साधं असतं. ही वस्तू कितीला? पैसे कुणी दिले? कोण बोललंच नाही? कुणाला घाबरून? दाराच्या आत कोण, बाहेर कोण? ‘द लेसन’मध्ये सिल्व्हियाची मैत्रीण शुगर शेवटी म्हणून टाकते की ही काही धड लोकशाही दिसत नाही, आणि सिल्व्हिया चिडून तिच्या पायावर पाय देते. बरोबर उत्तर दिलेल्या मुलीच्या पायावर पाय का दिला? यावर पूर्ण तास जातो. आमचंही यावर एकमत नाही. मला वाटतं, जे आपल्याला सर्वांत जास्त लागलंय ते दुसऱ्याने सगळ्यांसमोर बोललेलं सोसत नाही. गटातल्या एका ताईंना वाटतं की सिल्व्हियाला नुसता बाईंचा राग आहे.

सिल्व्हिया टॅक्सीचे उरलेले पैसे ठेवून घेते. ही चोरी नाही का?

आहे. मुलं हा मुद्दा सोडत नाहीत, आणि सोडूही नये. चार डॉलरची चोरी सगळ्यांना दिसते, ११९५ डॉलरच्या होडीबद्दल कुणाला काय म्हणावं ते कळत नाही, एवढं नोंदवून आम्ही पुढे जातो.

कथांमध्ये शिव्या आणि जातिवाचक शब्द येतात. ते मोठ्याने वाचायचे?

शिव्या गाळल्या तरी चालतात, मुलं त्या भरून काढतात. जातिवाचक शब्दाचं वेगळं आहे. कथेत कुणी कुणाला काय म्हणून हिणवलं हे समजायला तो लागत असेल तर आम्ही मोठ्यांपैकी एक जण तो एकदा वाचतो आणि थांबून सांगतो की हा शब्द माणसाला मारायला वापरला जातो, आपण तो वापरायचा नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला चारचौघांत जातीवरून अपमानित करणं १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हेही नववी-दहावीला सांगतो. मुलांकडून तो शब्द वाचून घेत नाही.

नववी-दहावीसाठी मराठीतलं काय?

अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’. गावाकडून मुंबईला आलेला भीमा खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. पोट भरायला तो स्मशानातल्या राखेत सोन्याचे कण शोधू लागतो, पुढे पुरलेली प्रेतं उकरू लागतो. एका रात्री मढ्याच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात आणि जातात. आणि त्यानंतर कळतं की खाण पुन्हा सुरू झाली. ज्या बोटांनी दगड फोडायचा ती बोटंच उरलेली नाहीत.

रात्रीचा भाग अंगावर येतो, म्हणून आधी स्वतः वाचा आणि मूल बघून ठरवा. पण सोलापुरात ही कथा वेगळी लागते. ज्यांच्या आजोबांनी गिरणीचा भोंगा ऐकून घड्याळ लावलं आणि नंतर गिरणीला कुलूप लागलेलं पाहिलं, त्या घरातली मुलं ‘तो आळशी होता का?’ असं विचारत नाहीत. बाकीची विचारतात. दोघांना एकमेकांशी बोलू द्या.

दुसरी बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’. याच नावाचा संग्रह १९६३ चा. नोकरीच्या गावी खोली मिळावी म्हणून तरुण जात लपवतो, आणि ती कळल्यावर त्याला मारतात. चोर कोण, या एका प्रश्नावर दहावीची मुलं दोन तास भांडू शकतात. दहावीखाली आम्ही ही घेत नाही.

आमची मुलं घरी तेलुगू बोलतात. मराठी कथा जड जाणार नाही?

जात नाही. सोलापुरात एका बाकावर मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू शेजारी शेजारी बसतात, त्यामुळे गप्पा कुठल्याही भाषेत झाल्या तरी कुणीतरी उलगडून सांगतंच. प्रेमचंद उर्दू आणि हिंदी दोन्हींत लिहीत. उर्दू शाळेतली मुलं आली की ‘ईदगाह’ त्यांच्याकडून वाचून घेतो. त्यांच्या तोंडची अमीना आजी आमच्या तोंडी येत नाही.

एका पालकांनी तक्रार केली: ‘तुम्ही मुलांना जातीपातीचं शिकवता.’ काय उत्तर दिलंत?

त्यांना रविवारी मागच्या रांगेत बसायला बोलावलं. कथेवर वाद घालता येतो, अफवेवर नाही. काही पालक येतात, काही मुलाचं नाव काढून घेतात. दोन्ही होतं.

कथा मिळतात कुठे? झेरॉक्स काढून वाटल्या तर चालतात का?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. प्रेमचंद १९३६ ला गेले, मॅन्सफील्ड १९२३ ला. त्यांच्या मूळ कथा छापा, वाटा, भिंतीवर लावा. अनुवाद मात्र अनुवादकाचा असतो, तो तपासून घ्या किंवा स्वतः करा. अण्णा भाऊ १९६९ ला, बंबारा १९९५ ला आणि बागूल २००८ ला गेले, त्यामुळे त्यांची पुस्तकं विकत किंवा ग्रंथालयातून घ्यायची. शहरात हिराचंद नेमचंद वाचनालय आहे. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. त्यातल्या ग्रामीण कथा धुंडाळा, बराच ऐवज आहे.

मुलांकडून काही लिहून घेता का?

घेतो, पण ‘विषमता’ या विषयावर निबंध कधीच नाही. एक वस्तू, तिची किंमत, ती कुणाकडे आहे आणि कुणाकडे नाही, एवढंच. लिहायच्या आधी मुक्ता साळवेबद्दल सांगतो. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या या मांग समाजातल्या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. ती कथा नव्हे, पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना ‘आपलं कोण वाचणार’ असं वाटतं तेव्हा हे सांगावं.

मग मुलांनी लिहिलेलं आम्हाला ग्रुपवर टाका ना!

टाकत नाही. मूल आपल्या घरातली किंमत लिहितं, आईची मजुरी लिहितं, बंद पडलेल्या मागाचं कर्ज लिहितं. ते व्हॉट्सअॅपवर गेलं की संध्याकाळपर्यंत गल्लीत पोचतं. वही मुलाकडे राहते. दाखवायची की नाही ते त्याने ठरवायचं, आणि तुम्हीही दप्तरातून काढून वाचू नका.